पहिला खेळ कोणता?

(गटाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलीतला मोकळेपणा तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा दोघीतिघींनी एकमेकींकडे बघून हसून घेतलं, ते माझ्या नजरेतून सुटलं नाही. ‘प्रौढ बाईनं पहिला व्हिडिओ गेम कोणता निवडावा?’ गेल्या बैठकीत आपण पोटगीच्या अर्जांवर बोललो, त्याआधी रेशनकार्डांवर. त्या रांगेत हा विषय कुठे बसतो, असं वाटणं साहजिक आहे. दोन वर्षांपूर्वी मीही हसलेच असते. म्हणून आधी माझीच फजिती सांगते.

दिवाळीच्या सुट्टीत बहिणीकडे गेले होते. भाच्यानं टीव्हीला जोडलेला खेळ लावला आणि कंट्रोलर माझ्या हातात दिला. “मावशी, खूप सोपा आहे, तू खेळ.” पडद्यावर सुंदर डोंगर, नदी, एक घोडा. पुढची दहा मिनिटं मी आकाशाकडे बघत भिंतीला धडका देत होते. खाली बघायला गेले तर स्वतःचे पायच दिसायला लागले. घोडा निघून गेला. मग कुणीतरी येऊन मला मारलं. भाचा आधी हसला, मग कंटाळला, आणि म्हणाला, “दे इकडे, मी करून देतो.” मी कंट्रोलर दिला आणि स्वयंपाकघरात गेले. तिथे काम होतंच. ते नेहमीच असतं.

रात्री झोपताना मात्र मनात आलं, मी हे वाक्य आयुष्यात किती वेळा ऐकलंय! स्कूटर शिकताना ऐकलं. एटीएमच्या रांगेत ऐकलं. फोनवरून पैसे पाठवायला शिकताना तर रोजच ऐकलं. “दे इकडे, मी करून देतो.” प्रेमानंच म्हणतात सगळे. पण त्या प्रेमापोटी हातातली वस्तू जाते, आणि वस्तूबरोबर शिकण्याची संधीही जाते. पुन्हा मागायची लाज वाटते. मग आपणच म्हणतो, “मला नाही बाई ते जमत.”

मी नंतर शांतपणे विचार केला की मला नेमकं काय जमलं नव्हतं. त्या खेळात डाव्या अंगठ्यानं चालायचं असतं आणि उजव्या अंगठ्यानं मान वळवायची असते. दोन्ही एकाच वेळी. भाचा हे आठव्या वर्षी शिकला. शिकताना त्यानंही भिंतीला धडका दिल्या असणार, पण ते तो विसरलाय. त्याला वाटतं हे उपजतच येतं. शिवाय कोपऱ्यातली लाल बदामं म्हणजे उरलेला जीव, भिंतीला तडा असेल तर ती फोडता येते, चमकणारी वस्तू उचलायची असते, हे सगळं त्याला ठाऊक होतं आणि मला नव्हतं. ही एक लिपी आहे, मैत्रिणींनो. ती न येणं म्हणजे अक्कल नसणं नव्हे.

आणि लिपी शिकवण्याचा अनुभव आपल्याला आहे. नव्वदच्या दशकात साक्षरतेचे वर्ग आपल्यातल्या कितीतरी जणींनी चालवले. तिथे आपण काय शिकलो? मोठ्या बाईपुढे बालवाडीचं पुस्तक ठेवलं तर ती दुसऱ्या दिवशी येत नाही. तिच्या जगण्यातले शब्द घेतले, पाणी, मजुरी, सही, तर ती टिकते. पहिला धडा चुकीचा निवडला तर दोष धड्याचा असतो, पण तो घेऊन घरी जाते ती बाई. पहिल्या खेळाचंही अगदी असंच आहे.

आता कुणी विचारेल, खेळायचंच कशाला? मी उलट विचारते, आपण थांबलो कधी? सागरगोटे, काचापाणी, फुगडी, झिम्मा, मंगळागौरीची जागरणं. हात, डोळा आणि अंदाज यांची केवढी तयारी होती ती. पाच सागरगोटे झेलणाऱ्या मुलीला ‘तुझे हात चालत नाहीत’ असं कोण म्हणेल? पण लग्नानंतर सागरगोटे माहेरच्या फडताळात राहिले, आणि खेळ वर्षातून एकदा, सणापुरते उरले. पारावर पुरुष पत्ते कुटत बसले तर तो विरंगुळा. बाई अर्धा तास फोन घेऊन बसली की ती रिकामटेकडी. फावला वेळ हाही वाटपाचाच प्रश्न आहे, आणि त्यावर आपण फारसं बोललेलो नाही.

दुसरं कारण व्यवहाराचं आहे. आमच्या कार्यालयात पहिल्यांदा संगणक आले तेव्हा माउस धरायची भीती वाटायची. ती भीती कुठल्या प्रशिक्षणानं गेली नाही, ती गेली पत्त्यांच्या खेळानं. १९९० साली विंडोज ३.० बरोबर सॉलिटेअर आला. पान धरा, ओढा, सोडा. चुकलं तर पान आपलं मागे जातं, कुणी ओरडत नाही. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी तो खेळायचो, आणि महिन्याभरात फायली इकडून तिकडे करताना हात थरथरायचा थांबला. त्या पत्त्यांची चित्रं सुझन केअर या बाईनं काढली होती, हे मला फार पुढे कळलं.

तर मग निवडायचं कसं? आपल्या गटातल्या सातजणींनी गेल्या वर्षभरात काही खेळ करून पाहिले. त्यातून जे समजलं ते सांगते.

पहिली गोष्ट, घड्याळ नको. नियम सोपा असला म्हणजे खेळ सोपा असतोच असं नाही. टेट्रिसचंच घ्या. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी तो बनवला. तुकडे वरून पडतात, ते नीट रचायचे. पाच मिनिटांत कुणालाही समजतो. पण तुकडे थांबत नाहीत, वेग वाढत जातो, आणि शेवट नेहमी आपल्या हरण्यातच होतो. नंतर त्याची गोडी लागेल, पण पहिल्या दिवशी तो दमवतो. आपली सकाळ तशीच वरून पडत असते, डबे, पाणी, गॅस, बस. खेळातही तेच कशाला?

शेतीच्या खेळाबाबत आमची अशीच चूक झाली. २०१६ सालचा स्टारड्यू व्हॅली हा एरिक बॅरोन या एकट्या माणसानं बनवलेला फार प्रेमळ खेळ आहे. आम्हाला वाटलं, आपल्या बायका शेतातल्याच, जमेल. पण त्यात दिवस भराभर सरतो, रात्री वेळेत घरी पोचलं नाही तर माणूस कोसळतो, आणि मासे पकडणं तर भल्याभल्यांना जमत नाही. आमच्यातली एक, जिची खरीच दोन एकर आहे, ती म्हणाली, “इथंही रातच्याला पळतच घरी यायचं? मग माझं रान काय वाईट?” तो खेळ आम्ही पुढच्यासाठी ठेवला.

दुसरी गोष्ट, एक बोट पुरलं पाहिजे. इथे मॉन्युमेंट व्हॅली हा खेळ आम्हाला सगळ्यांत उपयोगी पडला. २०१४ साली लंडनच्या एका संस्थेनं बनवलेला, फोनवरचा. आयडा नावाची छोटी राजकन्या आहे. तिला वाड्यातून पलीकडे न्यायचं. चाक बोटानं फिरवलं की जिना वळतो, आणि दोन लांबची टोकं एका कोनातून जुळल्यासारखी दिसली की तिथे खरंच वाट तयार होते. घड्याळ नाही, मरण नाही, वाचायला फार नाही. दहा प्रकरणं, आणि मग तो संपतो. संपतो हेही महत्त्वाचं. पूर्ण केल्याचं समाधान आपल्या वाट्याला कमी येतं, घरकाम कधी पूर्ण होत नाही.

तिसरी गोष्ट, मध्येच ठेवता आला पाहिजे. कुकरची शिट्टी झाली, दार वाजलं, बाळ उठलं, तरी केलेलं तसंच राहिलं पाहिजे. जो खेळ म्हणतो ‘आता उठलीस तर सगळं पहिल्यापासून’, तो अखंड वेळ असलेल्या माणसासाठी बनवलाय. आपला वेळ तुकड्यातुकड्यांचा असतो, त्यात बसेल असाच खेळ घ्यावा.

चौथी गोष्ट, विषय ओळखीचा असावा. अनपॅकिंग नावाचा खेळ आहे, ऑस्ट्रेलियात बनलेला, २०२१ साली संगणकावर आला आणि पुढे फोनवरही. त्यात फक्त खोकी उघडून सामान लावायचं. एका मुलीची आठ घरं, १९९७ पासून २०१८ पर्यंत. ती मुलगी दिसत नाही, तिच्या वस्तू दिसतात. २०१० साली ती मित्राच्या घरी राहायला जाते. त्याचं घर त्याच्या सामानानं भरलेलं. आपण तिची पदवीची चौकट हातात घेऊन भिंती शोधतो आणि जागा सापडत नाही. शेवटी ती पलंगाखाली सरकवावी लागते. आम्ही चौघी एकत्र बसून खेळत होतो. त्या क्षणी कुणीच काही बोललं नाही. मग एक म्हणाली, “माझं डीएडचं सर्टिफिकेट माळ्यावर आहे.” पुढच्या खेपेला ती मुलगी आईवडिलांच्या घरी परतलेली असते. एकही वाक्य न सांगता हे सगळं सांगितलंय. शिबिरात ज्या विषयाला तोंड फोडायला दोन तास लागतात, तो तिथे अर्ध्या तासात निघाला.

तसाच २०२३ सालचा वेन्बा. टोरांटोच्या मंडळींनी बनवलेला. कॅनडात गेलेली तमिळ आई, तिची फाटकी, डाग पडलेली पाककृतींची वही, आणि दुरावत जाणारा मुलगा. खेळ म्हणजे पुसलेल्या ओळी ओळखून पदार्थ करायचा. पहिलाच पदार्थ इडली. भांड्यातली ताटं कशी रचली तर वाफ वरपर्यंत जाईल, हा त्यातला पेच. भाच्याला तो सुटेना. मी म्हटलं, “दे इकडे.” लगेच जीभ चावली, आणि त्यालाच करू दिलं. त्यात इंग्रजी बरंच वाचावं लागतं, म्हणून तो दोघींनी मिळून खेळावा. एक वाचेल, एक रचेल.

पाचवी गोष्ट पैशाची, आणि ती नीट ऐका. ‘फुकट’ लिहिलेला खेळ पुष्कळदा सर्वांत महाग पडतो. कँडी क्रशसारख्या २०१२ पासूनच्या खेळांची रीत अशी, की पाच जीव मिळतात, ते संपले की एकेकासाठी अर्धा तास थांबा, नाहीतर पैसे भरा. अडलेल्या माणसाला विकायची ही जुनीच सावकारी. आमच्यातल्या एकीच्या खात्यातून अशा एका खेळात थोडे थोडे करून पंधराशे रुपये गेले. तिला वाटलं आपण ‘पुढे’ दाबतोय. घरात कळलं तेव्हा फोन काढून घेतला गेला, आणि तो परत मिळायला तीन महिने लागले. म्हणून एकदाच किंमत देऊन मिळणारा खेळ बरा. फोनमध्ये खरेदीला पासवर्ड लावून घ्या, आणि तो पासवर्ड तुम्हीच ठरवा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांबद्दल तर बोलायलाच नको. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं त्यांच्यावर बंदीचा कायदा केला, तोवर कितीतरी घरांतले दागिने गेले होते.

आता शेवटची गोष्ट, शेजारी कोण बसणार? शिकवणाऱ्यांसाठी आम्ही एकच नियम केला. हात मागे. बोटानं दाखवायचं नाही, उसासा टाकायचा नाही, आणि काही झालं तरी फोन हातातून घ्यायचा नाही. तिनं विचारलं तरच सांगायचं, तेही ‘हे दाब’ असं नाही, तर ‘तुला काय दिसतंय?’ असं. हा नियम पाळला तेव्हा कुणीही मध्येच उठून गेलं नाही. मोडला तेव्हा एकजण गेली, आणि अजून आली नाही. मोडणारी मीच होते.

सगळ्यांना आवडलंच पाहिजे असंही नाही. एकीनं मॉन्युमेंट व्हॅली पूर्ण केला आणि म्हणाली, “झालं ना? आता मला माझं भरतकाम दे.” मला ते उत्तर फार आवडलं. जमत नाही म्हणून सोडणं वेगळं आणि जमतंय पण नकोय म्हणणं वेगळं.

हे जग पुरुषांचंच, असंही समजू नका. रोबर्टा विल्यम्सनं १९८० साली मिस्टरी हाउस रचला, तेव्हा ती दोन लहान मुलांची आई होती. १९८२ सालचा रिव्हर रेड कॅरोल शॉनं लिहिला. आणि आपल्या पुण्यात बनलेल्या, २०२० सालच्या राजी या खेळाची नायिका भावाला शोधायला निघालेली मुलगी आहे. त्यात उड्या आहेत, लढाया आहेत. पहिला खेळ म्हणून तो मी सुचवणार नाही. तिसरा म्हणून जरूर.

गेल्या दिवाळीत मी पुन्हा बहिणीकडे गेले. भाच्याला म्हटलं, तोच घोड्याचा खेळ लाव. मी अजूनही भिंतीला धडकते. पण आता मला ठाऊक आहे की चुकतो तो माझा उजवा अंगठा, आणि अंगठा शिकतो. त्यानं हात पुढे केला. मी म्हटलं, “बस. मी बघते.” घोडा सापडायला चाळीस मिनिटं लागली. पोळ्या त्या दिवशी त्यानं बाहेरून आणल्या.

आज मागच्या टेबलावर दोन फोन ठेवले आहेत, दोन्हींवर मॉन्युमेंट व्हॅली आहे. चहा झाला की ज्यांना वाटेल त्यांनी बसावं. आम्ही शेजारी बसू. हात मागे ठेवून.