छप्पन्न दिवसांची साक्ष



युरोपात जड मालमोटार रस्त्यावर तपासणीसाठी थांबवली, की चालकाकडे परवान्याबरोबर टॅकोग्राफची नोंदही मागतात. पूर्वी ही नोंद कागदी चकतीवर उमटे. सुई वेग, अंतर आणि विश्रांती तिच्यावर कोरीत असे. २००६ पासून नव्या गाड्यांत कार्ड आले. चालू दिवसाची आणि मागील २८ दिवसांची नोंद जवळ बाळगावी असा दंडक होता. ३१ डिसेंबर २०२४ पासून त्या २८ चे ५६ झाले.

ही तर पाळतच, असे आम्हांसही प्रथम वाटले. पण साडेचार तास गाडी हाकल्यावर पाऊण तास विसावा घ्यावा, हा नियम मालकाला नुसत्या तोंडाने कोण ऐकवणार? माल पोचवण्याची घाई त्याची, डोळ्यांवरची झापड मात्र चालकाची! ‘आता थांबतो’ म्हणावयाचे, तर हाती काही पुरावा हवा. तो ही नोंद देते.

आणि तरीही काही जण गिअरपेटीवरील यंत्राला लोहचुंबक चिकटवतात. गाडी भरधाव धावत असते. नोंद म्हणते, चालक विश्रांती घेत आहे.