तेरा ते अठरा : रग्बीतल्या नव्या मुली आणि आपण

(कडा, ता. आष्टी, जि. बीड येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आजचा विषय पत्रिकेवर वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. कबड्डी आहे, कुस्ती आहे, खो-खो आहे, मग ही रग्बी कुठून काढली? पण आष्टी तालुक्याने तरी हा प्रश्न विचारू नये. आपल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२२ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि २०२३ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. त्याआधी त्याच्या ‘स्टीपलचेस’ शर्यतीचं नाव इथल्या किती घरांत माहीत होतं? खेळ आपला की परका, हे खेळणारं माणूस ठरवतं.

तर रग्बी. अंड्याच्या आकाराचा चेंडू. तो हातात घेऊन पळायचं आणि समोरच्या संघाच्या शेवटच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा. त्याला ‘ट्राय’ म्हणतात, त्याचे पाच गुण. गंमत अशी की हाताने चेंडू पुढे फेकता येत नाही, मागच्या जोडीदारालाच द्यावा लागतो. पुढे जायचं तर पायांनी पळून, नाहीतर लाथेने मारून. समोरची खेळाडू तुम्हाला कमरेत, मांडीत मिठी घालून खाली पाडते. कुस्तीत पट काढतात तसंच, फक्त हे भर वेगात होतं. खांद्याच्या वर धरलं की शिक्षा. पंधरा-पंधरा जणींचा सामना ऐंशी मिनिटांचा, आणि सात-सात जणींचा अवघ्या चौदा मिनिटांचा. ऑलिंपिकमध्ये २०१६पासून आहे तो हा सात जणींचा.

आता जरा मनात हिशेब करा. कबड्डीत चढाई करून मध्यरेषेकडे झेपावणारी मुलगी, खो-खोत सूर मारून गडी टिपणारी मुलगी, तालमीत पट काढणारी मुलगी, या तिघी आपल्या तालुक्यात आहेत की नाहीत? जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला महिला विश्वचषक भारताने जिंकला. त्या संघाची कर्णधार प्रियंका इंगळे मूळची आपल्याच जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली. रग्बीला लागणारे गुण बाहेरून आणायची गरज नाही. आणखी एक. या खेळात वेगवेगळ्या अंगलटीच्या मुलींना जागा असते. पुढच्या फळीत रेटा देणारी थोराड मुलगी लागते, कडेला वाऱ्यासारखी पळणारी लागते, मधे बुटकी, चपळ आणि डोकेबाज लागते. घरात जिला ‘धसमुसळी’ म्हणून बोलणी बसतात, तिला इथे पहिली पसंती मिळते.

भारताचं रग्बीशी नातं जुनं आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड दरवर्षी ज्या ‘कलकत्ता कप’साठी झुंजतात, तो चषक कलकत्त्यातल्या इंग्रजांच्या क्लबाने, क्लब बंद करताना, बँकेतले चांदीचे रुपये वितळवून घडवला आणि १८७८ला इंग्लंडच्या रग्बी संघटनेला दिला. रुपये आपले, खेळ साहेबांचा, अशी ती गोष्ट. आपल्या मुलींनी पंधरा जणींच्या रग्बीत आंतरराष्ट्रीय पाऊल टाकलं ते २०१८ला, सिंगापूरमध्ये. म्हणजे चषक दिल्यावर १४० वर्षांनी! पदार्पणातले दोन्ही सामने त्या हरल्या. पुढच्या वर्षी जूनमध्ये फिलिपिन्समध्ये आशियाई स्पर्धेत त्याच सिंगापूरला त्यांनी २१-१९ असं हरवलं. पंधरा जणींच्या खेळातला भारतीय महिलांचा तो पहिला आंतरराष्ट्रीय विजय.

त्या संघाची कर्णधार होती पुण्याची वाहबिज भरूचा. व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट. शेवटच्या मिनिटांत पेनल्टीची निर्णायक लाथ मारणारी सुमित्रा नायक ओडिशाची. आणि कडेने सुसाट सुटणारी स्वीटी कुमारी बिहारची, पाटणा जिल्ह्यातल्या बाढ भागातली. स्वीटी आधी धावपटू. तिचा वेग पाहून बिहारच्या रग्बी संघटनेच्या माणसांनी तिच्या हातात चेंडू दिला. महिला रग्बीचीच बातमीदारी करणाऱ्या ‘स्क्रमक्वीन्स’ने २०१९ची जगातली सर्वोत्तम युवा खेळाडू म्हणून या स्वीटीची निवड केली. इंग्लंड, न्यूझीलंड, फ्रान्स असल्या मातब्बर देशांच्या मुली असताना मान बिहारच्या पोरीला मिळाला.

टाळ्या वाजवा, जरूर वाजवा. पण मला आज स्वीटीचं कौतुक एवढ्यावर थांबवायचं नाही. मला विचारायचं आहे की या मुली आल्या कुठून.

सुमित्रा आली भुवनेश्वरच्या कलिंग समाजविज्ञान संस्थेतून. हजारो आदिवासी मुलामुलींना तिथे राहणं, जेवण आणि शिक्षण फुकट मिळतं. त्या संस्थेच्या मुलांनी २००७ला लंडनमध्ये शालेय रग्बी स्पर्धा जिंकली आणि तेव्हापासून खेळ तिथे रुजला. तिसरं नाव संध्या राय हिचं. ती उत्तर बंगालमधल्या सरस्वतीपूर चहामळ्यातली. कोलकात्याच्या जंगल क्रोज क्लबाचे प्रशिक्षक २०१३च्या सुमारास त्या मळ्यात पोचले आणि जंगलाच्या कडेला मुली रग्बी खेळू लागल्या. पुढे संध्या भारताकडून खेळली आणि जागतिक रग्बी संघटनेने आशियातल्या ‘अनस्टॉपेबल्स’ मोहिमेत तिला निवडलं.

वसतिगृह, चहामळा, बिहारचं गाव. तिन्ही ठिकाणी पैसा जेमतेम. तिन्ही ठिकाणी एक गोष्ट मात्र सारखी होती : साधारण तेराव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत ती मुलगी एका जागी राहिली, आणि त्या जागी रोज संध्याकाळी कुणीतरी शिट्टी घेऊन उभं राहिलं. माझं आजचं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे. पेपरात ‘नवोदित’ म्हणून जिचा फोटो येतो, तिच्या मागे ही सलग पाच वर्षं असतात.

जगाकडे पाहिलं तरी हेच दिसतं. २०२५चा महिला रग्बी विश्वचषक इंग्लंडमध्ये झाला. संघ बारावरून सोळा झाले. अंतिम सामन्याला लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर ८१,८८५ प्रेक्षक होते आणि इंग्लंडने कॅनडाला ३३-१३ असं हरवलं. त्या स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे अकरा ट्राय केले न्यूझीलंडच्या ब्रॅक्सटन सोरेन्सन-मॅगी हिने. वय वर्षं अठरा! वर्षातली सर्वोत्तम नवोदित हा जागतिक पुरस्कारही तिलाच मिळाला. आदल्या वर्षी तो आयर्लंडच्या एरिन किंगला मिळाला होता. एरिन सात जणींच्या संघातून पंधरा जणींच्या संघात आली आणि पहिल्याच मोसमात न्यूझीलंडला हरवणाऱ्या सामन्यात तिने दोन ट्राय केले.

अठराव्या वर्षी विश्वचषक गाजवणारी पोर म्हणजे दैवी देणगी, असं आपण पटकन म्हणून टाकतो. देणगी असेलही. पण तिच्या देशात मुलगी शाळेत असतानाच चेंडू हातात घेते, शाळांचे सामने असतात, त्यावर प्रांताचे संघ असतात आणि वर राष्ट्रीय संघाचा पगार असतो. इंग्लंडने २०१९च्या जानेवारीत अठ्ठावीस मुलींना पूर्ण वेळ करार दिले. सहा वर्षांनी विश्वचषक त्यांच्या हातात होता. आणि पुरस्कार मिळाला म्हणजे वाट सोपी झाली असंही नाही. एरिनच्या गुडघ्याला २०२५च्या वसंतात दुखापत झाली आणि तिचा विश्वचषक हुकला. अशा वेळी मागे डॉक्टर आणि संघ उभा नसेल, तर नवोदित मुलगी तिथेच माजी खेळाडू होऊन जाते.

आपण अजून फार मागे आहोत, हेही सांगितलं पाहिजे. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतीय मुलींच्या संघात महाराष्ट्राच्या वैष्णवी पाटील आणि कल्याणी पाटील होत्या. जपान आणि हाँगकाँगविरुद्ध आपल्याला एकही गुण घेता आला नाही. सात संघांत आपण सातवे. पण वर्षभराने, ऑक्टोबर २०२४मध्ये काठमांडूच्या आशियाई ट्रॉफीत याच भारताने अंतिम सामना गाठला आणि फिलिपिन्सकडून ५-७ असा अगदी काठावर हरून रौप्य घेतलं. ऑगस्ट २०२५मध्ये बिहारच्या राजगीरला वीस वर्षांखालच्या मुलींनी आशियाई कांस्य मिळवलं. राजगीरच का? कारण बिहारने मैदान उभारलं, आणि ‘मेडल लाओ, नोकरी पाओ’ ही योजना रग्बीच्या मुलींपर्यंत नेली. एका राज्याने मनावर घेतलं की इतकं होतं.

आता आपल्या घरात येऊ. तेरा ते अठरा या वर्षांत बीड जिल्ह्यातली मुलगी कुठे असते?

दिवाळी झाली की ऊसतोडीला ट्रक, ट्रॅक्टर भरतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. मागे धाकटी भावंडं, म्हातारी माणसं आणि चूल राहते, आणि ती मोठ्या मुलीच्या गळ्यात पडते. नाहीतर तीही फडावर जाते. चार-सहा महिन्यांनी परत येते तोवर वर्ग पुढे गेलेला असतो. मग घरात बोलणी सुरू होतात. वयात आलेली पोर एकटी ठेवायची कुणाच्या भरवशावर? एकदाची उजवून टाकू. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. मी आईबापांना दोष द्यायला आलेलो नाही. भीती खरी आहे. पण ज्या पाच वर्षांत सुमित्रा आणि संध्या घडल्या, नेमकी तीच पाच वर्षं आपण आपल्या पोरींच्या हातातून काढून घेतो.

यावर उपाय अगदीच नाही असंही नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत. २०२१ला सरकारने संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आणली, त्यात मुलींची वेगळी वसतिगृहं आहेत. आपण वसतिगृहाकडे पाहतो ते खाटा किती, ताटं किती, हजेरी किती एवढ्याच नजरेने. ओडिशाने त्याच खाटांच्या शेजारी मैदान आखलं. मुलगी राहिली, जेवली, शिकली आणि संध्याकाळी खेळली. खेळायचं म्हणून ती शाळेत टिकली, आणि शाळेत टिकली म्हणून लग्न पुढे गेलं. खेळाचा हा फायदा पदकांच्या तक्त्यात कधी दिसत नाही.

तुमच्या मनात एक शंका आहे, ती मीच बोलून दाखवतो. ‘हाडं मोडतील पोरीची.’ रग्बीत मार लागतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. डोक्याला लागण्याचा धोका तर जगभर गंभीरपणे घेतला जातो. २०२५च्या विश्वचषकात खेळाडूंच्या दातांवरच्या कवचात असे संवेदक बसवले होते की डोक्याला जोराचा धक्का बसला की दिवा लागायचा आणि पंच तपासणीसाठी खेळाडूला बाहेर पाठवायचे. आपल्याकडे अशी साधनं नाहीत. म्हणून सुरुवात टॅग रग्बीने करायची. कमरेला दोन पट्ट्या अडकवायच्या, पाडायचं नाही, पट्टी ओढली की थांबायचं. दहा-बारा वर्षांच्या मुलींनी दोन-तीन वर्षं एवढंच खेळावं. पाडणं आणि पडणं नंतर शिकावं, तेही शिकलेल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली आणि मऊ जमिनीवर. आपल्या मुरमाड मैदानांवर ते मुळीच करू नये, पहिल्याच दिवशी गुडघे सोलतील आणि दुसऱ्या दिवशी कुणी येणार नाही. खर्च म्हणाल तर चार चेंडू, पट्ट्या आणि आखायला चुना. क्रिकेटच्या एका किटच्या खर्चात एवढं सगळं भागतं.

आणखी एक अडचण होती ती अंतराची. जिल्ह्याची, राज्याची स्पर्धा म्हणजे मुलीला दूर पाठवणं आलं. पण सप्टेंबर २०२२ला नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली, कड्याला स्टेशन झालं. २०२५च्या सप्टेंबरात गाडी बीडपर्यंत गेली. शिक्षिका सोबत असेल तर चौदा-पंधरा मुलींचा संघ गाडीने नगरला जाऊन सामना खेळू शकतो. या रुळांसाठी जिल्ह्याने कैक वर्षं आंदोलनं केली. त्यावरून आता पोरींचे संघही गेले पाहिजेत.

शेवटी मागणं सांगतो आणि खाली बसतो. जूनमध्ये शाळा सुरू होतील. मुख्याध्यापकांनी सहावी-सातवीच्या मुलींसाठी आठवड्यातून तीन संध्याकाळी मैदान राखून ठेवावं आणि ते मुलांना देऊ नये. खेळाच्या शिक्षकांनी राज्य संघटनेचं प्रशिक्षण घ्यावं. ग्रामपंचायतीने मैदानाजवळ मुलींसाठी कपडे बदलायची खोली आणि स्वच्छतागृह बांधावं, कारण ते नसेल तर वयात आलेली मुलगी महिन्यातले कित्येक दिवस मैदानावर येणार नाही. आणि आईबापांनी दिवाळीनंतर मुलगी कुठे राहणार हे दिवाळीच्या आधी ठरवावं.

खेळ रग्बीच पाहिजे असा माझा हट्ट नाही. कबड्डी निवडा, कुस्ती निवडा, साबळेसारखं पळा. हट्ट आहे तो सलग पाच वर्षांचा. ती पाच वर्षं दिलीत तर शंभरातल्या नव्याण्णव जणी भारताकडून खेळणार नाहीत, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. पण त्या शंभरच्या शंभर जणी अठराव्या वर्षी दहावी-बारावी झालेल्या, अंगाने धडधाकट आणि आपल्या लग्नाबद्दल दोन शब्द बोलू शकणाऱ्या असतील. माझ्या लेखी खरा विजय हाच. स्वीटीसारखी एखादी निघाली, तर तो वरचा बोनस गुण.