हजेरीपटावरचे नाव



कर्जत-खालापूरकडील एका सेवाभावी मंडळाने मध्यंतरी आम्हांला विचारले, “वाट चुकलेल्या तरुणांना धंदेशिक्षण द्यावे असे आमच्या मनात आहे, काय करावे?” मंडळात डॉक्टर, व्यापारी, बांधकामाचे ठेकेदार आणि लहानमोठे कारखानदार आहेत. कामगार संघटनेच्या माणसाला त्यांनी विचारावे याचा आम्हांला आनंद झाला. त्यांना जे सांगितले तेच आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम ही मुले कोण ते पाहू. खोपोलीचे वीजघर 1915 साली सुरू झाले आणि भिवपुरीचे 1922 साली. म्हणजे उद्योग आमच्या दाराशी येऊन शंभर वर्षे उलटली. परंतु दाराशी कारखाना असणे वेगळे आणि त्यात आपल्या पोराला कसबाचे काम मिळणे वेगळे. द्रुतगती मार्ग झाला, शहरवाल्यांचे बंगले उठले, जमिनी गेल्या. पैसा आला तसा गेला. पोराजवळ उरली एक मोटारसायकल आणि रिकामा दिवस. दुसरीकडे कष्टाळू कातकरी कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्टीवर जातात आणि मुलांची शाळा मधेच सुटते. अशा पोरांतला एखादा भंगार चोरताना सापडतो, एखादा मारामारीत. मग चौकीत नाव लागते आणि गाव ते विसरत नाही.

अशा मुलाला धंदा शिकवावा हा विचार नवा नाही. 1850 सालच्या उमेदवारीच्या कायद्याने 10 ते 18 वर्षांची अनाथ व गरीब मुले कारागिरांकडे उमेदवार म्हणून बांधून देता येत. किरकोळ गुन्ह्यातल्या मुलासाठीही मॅजिस्ट्रेटला तसे करता येई. 1857 साली मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची उद्योगशाळा उभी राहिली. ती आज माहीमला आहे.

स्वतंत्र भारताने 1961 साली नवा उमेदवारी कायदा केला. 30 किंवा त्याहून अधिक माणसे जेथे कामाला आहेत, तेथे उमेदवार घेणे आज बंधनकारक आहे. परंतु याच कायद्याप्रमाणे उमेदवार हा शिकाऊ असतो, कामगार नव्हे. येथेच मेख आहे. मालक सरळ असला तर मुलगा वेल्डिंग शिकतो, लेथवर हात बसवतो. मालक लबाड असला तर मुलगा वर्षभर आवार झाडतो, चहा आणतो, माल उचलतो, आणि वर्ष संपले की त्याच्या जागी दुसरा उमेदवार येतो. हातात कागद, पण कसब नाही आणि जागाही नाही! असा मुलगा पूर्वीपेक्षा अधिक कडवट होऊन घरी येतो. शिवाय जुन्या कामगारालाही भीती वाटते की, ही स्वस्त पोरे आपली रोजी मारणार. ती भीती अनाठायी नाही.

म्हणून आम्ही मंडळाला चार गोष्टी सांगितल्या.

पहिली, विद्यावेतन ठरल्या तारखेस द्या. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा भट्टीचा मुकादम उचल देतो, आणि त्या उचलीपायी सगळे कुटुंब बांधले जाते. तेव्हा शिकवणीचा वर्ग दिवाळीनंतर उघडून उपयोग नाही. मुकादमाच्या आधी त्या दारात गेले पाहिजे.

दुसरी, प्रत्येक मुलामागे एक जाणता कामगार नेमा व त्याला शिकवण्याचा भत्ता द्या. शिकवण्यात मान आणि चार पैसे मिळाले, तर तोच कामगार मुलाचा पाठीराखा होईल.

तिसरी, धोक्याच्या कामावर 18 वर्षांखालचा मुलगा ठेवू नका. उमेदवाराला इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर आहे, हे कायदाच सांगतो.

चौथी, चौकीच्या दाखल्यासाठी त्याला दारातून परत पाठवू नका. 2015 च्या बालन्याय कायद्याखाली ज्या अल्पवयीन मुलाचे प्रकरण निकालात निघाले, त्याला शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही, आणि अपिलाची मुदत संपल्यावर नोंदीही नष्ट करावयाच्या असतात. सोळा वर्षांवरील मुलाच्या अतिगंभीर गुन्ह्यासाठी तेवढा अपवाद आहे. कायदा जे विसरावयास तयार आहे, ते आपण का लक्षात ठेवावे?

एका सभासदाने विचारले, “मग देणगी किती लागेल?” आम्ही म्हटले, देणगीचे नंतर पाहू. शिवणयंत्रे वाटणे, हत्यारांची पेटी देऊन फोटो काढणे सोपे आहे. पण तुमच्यापैकी कित्येकांच्या हाती कारखान्याचे दार आहे, आणि ते दार उघडणे ही कोणत्याही देणगीपेक्षा मोठी सेवा आहे.

कर्जतचा माणूस लहानपणापासून पाहतो की, घाट चढावयाच्या बऱ्याच गाड्यांना येथे मागून इंजिने जोडतात. ती लोणावळ्यापर्यंत रेटतात आणि मग सुटतात. पुढे गाडी आपल्या बळावर जाते. आमच्या मुलांचा घाट दीड-दोन वर्षांचा आहे. तेवढा काळ मागे उभे राहावयाचे.

मंडळाच्या पुढच्या सभेत वर्गणीची यादी फिरेल. तिच्याबरोबर आणखी एक कोरा कागद फिरावा, आणि प्रत्येक मालकाने त्यावर लिहावे की, आपल्या हजेरीपटावर तो किती मुलांची नावे चढविणार. त्या कागदावर जेवढा आकडा पडेल, तेवढीच आपली सेवा झाली असे आम्ही समजू.