भोपळा

(उन्हाळी व्याख्यानमालेतील चौथे पुष्प)

अध्यक्षमहाराज, आणि दोन पंखे बंद असूनही जागा न सोडलेल्या मंडळींनो,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘स्टीफन करीची कॉलेजमधली वर्षं’. परवा एका स्नेह्यांचा फोन आला, ‘मास्तर, तुम्ही पाककृतींवर कधीपासून बोलायला लागलात?’ (हशा) तर करी हे आडनाव आहे, अमेरिकेतल्या एका बास्केटबॉलपटूचं. आणि मी बोलणार आहे ते त्याच्या भोपळ्याबद्दल. (हशा) हसून घ्या. चाळीस वर्षं पोरांना बास्केटबॉल शिकवताना मी एकच प्रश्न विचारत आलो: चेंडू तुझ्या हातात नाही, तर आत्ता तू कुठे उभा आहेस? त्याला उत्तर कधी मिळालं नाही. पोरं रिंगकडे बघत उभी.

आधी पूर्वपीठिका, ती पळवतो. वडील डेल करी, शार्लट हॉर्नेट्स या व्यावसायिक संघाचे नेमबाज. मुलगा हाडकुळा, जेमतेम सहा फूट. शाळेत असताना शॉट कमरेजवळून सोडायचा. वडिलांनी एका उन्हाळ्यात तो मोडून डोक्यावरून सोडायला लावला, तेव्हा पोराला दूरवरून चेंडू रिंगपर्यंत पोचवता येईना. आईवडिलांच्या कॉलेजनं, व्हर्जिनिया टेकनं, शिष्यवृत्ती नाकारली, हवं तर स्वखर्चानं ये म्हणाले. घेतलं कुणी, तर शार्लटजवळच्या डेव्हिडसन कॉलेजनं. पावणेदोन हजारांच्या आसपास विद्यार्थी, म्हणजे आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या कॉलेजातही याहून जास्त निघतील. नोव्हेंबर २००६ मधला पहिला सामना ईस्टर्न मिशिगनशी. त्यात पोरानं तेरा वेळा चेंडू घालवला. तेरा! मी असतो तर पाणी द्यायला बसवलं असतं. त्याचे कोच बॉब मॅकिलप सरांनी दुसऱ्या दिवशी मिशिगनविरुद्ध पुन्हा उतरवला, त्यानं ३२ गुण केले. मागच्या रांगेतले निवृत्त क्रीडाशिक्षक मान खाली घालताहेत, दिसतंय मला. घालू नका, मीही त्यातलाच. (हशा)

आता भोपळा. २५ नोव्हेंबर २००८, करीचं तिसरं वर्ष. आठवडाभर आधी ओक्लाहोमाविरुद्ध ४४ गुण करून आलेला. समोर मेरीलँडचं लोयोला. त्यांचे कोच जिमी पॅट्सोस यांनी ठरवलं, करीला चेंडूच मिळू द्यायचा नाही, आणि त्याच्यावर दोन माणसं लावली. एकदोनदा नव्हे, सामनाभर.

हे समजायला टेबल लागेल. तांब्या म्हणजे करी. त्याच्याजवळ हे फुलपात्र आणि माझं चष्म्याचं घर, हे दोन पहारेकरी. अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, ‘वेळ’ एवढंच लिहिलंय. तीही घेतो, बचावात एक खेळाडू कमीच पडत होता. (हशा) आता तांब्या मी टेबलाच्या या टोकाला सरकवतो. फुलपात्र आणि घर मागोमाग. बघा, मधलं टेबल किती मोकळं झालं. तिथे डेव्हिडसनचे चार, आणि त्यांना अडवायला लोयोलाचे तीन. करीनं हेच केलं. कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. देशातला सगळ्यांत मोठा नेमबाज, घरचं मैदान, तिकीट काढून आलेले लोक, आणि हा कोपऱ्यात. सामनाभरात रिंगवर फक्त तीनदा नेम धरला, तिन्ही चुकले. गुण शून्य. डेव्हिडसन ७८, लोयोला ४८.

मला हे इतकं का लागलं, सांगतो. फार नाही, दोन मिनिटं. एकोणीसशे पंचाहत्तर साल. आमच्या कॉलेजचा आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामना, सिमेंटचं मैदान, एका रिंगला जाळी होती, दुसरीची उन्हाळ्यात कुणीतरी गाय बांधायला नेलेली. (हशा) खरंच सांगतोय! चुन्याच्या रेघा दुपारी मारलेल्या, संध्याकाळपर्यंत निम्म्या आमच्या तळव्यांना लागलेल्या. बूट दोघांकडेच होते. आदल्या सामन्यात मी २२ गुण केले होते, म्हणून माझ्यावरही दोघं लावले. एक उंच, एक गिड्डा. गिड्डा सारखा माझ्या बनियनचं टोक धरायचा. आणि माझी बहीण मैत्रिणींना घेऊन पाहायला आलेली. कोपऱ्यात कोण जातो? मी त्या दोघांच्या डोक्यावरून मारत सुटलो. आमचा सेंटर रिंगखाली हात वर करून उभा, एकदम मोकळा, ‘दे, दे’ म्हणून ओरडतोय. दिला नाही. एकदाही नाही. माझे झाले नऊ गुण, सामना गेला चार गुणांनी. दुसऱ्या दिवशी बसथांब्यावर तो सेंटर भेटला. काही बोलला नाही. सायकलची घंटी वाजवली आणि गेला. त्याला भोपळा मिळाला होता, तोही माझ्यामुळे.

(सभागृहातून: ‘आणि कॅन्सस?’)

येतो, येतो. दुसरी चिठ्ठीही आली, हिच्यात ‘वेळ’खाली दोनदा रेघ मारलीय. कॅन्सस म्हणजे राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेतला डेव्हिडसनचा गाजलेला पराभव. भोपळ्याच्या आदल्या मोसमातला: मार्च २००८, दहावं मानांकन असलेल्या डेव्हिडसनचं ते वर्ष. गोंझागाविरुद्ध करीचे ४०, जॉर्जटाउनविरुद्ध ३०, तेही १७ गुणांची पिछाडी भरून काढताना. मग डेट्रॉइट, कॉलेजच्या विश्वस्तांनी सामना बघायला येणाऱ्या मुलांच्या बसचा, तिकिटांचा, राहण्याचा खर्च उचलला. तिथे विस्कॉन्सिनविरुद्ध ३३, आणि मग कॅन्ससकडून ५९-५७ नं हार. शेवटच्या क्षणी दोघं करीवर धावून आले, त्यानं चेंडू सहकारी जेसन रिचर्ड्सला दिला. नेम चुकला. आजही लोक म्हणतात, स्वतःच मारायला हवा होता. त्यांना मी एवढंच विचारतो, दोघांच्या डोक्यावरून? ते मी करून पाहिलंय. (हशा, टाळ्या)

नाही, टाळ्या नकोत, वेळ जातो. २००९ मध्ये एनबीएच्या खेळाडू-निवडीत तो सातव्या क्रमांकाला निवडला गेला, गोल्डन स्टेटकडे गेला, पुढचं टीव्हीवर पाहिलंत. पदवी राहिली होती, ती २०२२ मध्ये पूर्ण केली, आणि त्यानंतरच डेव्हिडसननं त्याच्या जर्सीचा ३० नंबर निवृत्त केला. यावर एक स्वतंत्र व्याख्यान होईल, संयोजकांनी पुढच्या वर्षासाठी नोंद घ्यावी.

जाता जाता एक आकडा. २००८-०९ च्या मोसमात करीची सरासरी सामन्याला २८.६ गुण, सबंध देशात पहिला. त्या सरासरीत लोयोलाचा भोपळा धरलेला आहे. अध्यक्षमहाराज, तुमच्या दोन्ही चिठ्ठ्या तांब्याखाली ठेवल्यात.