हिरवं पाणी



आपला सेलू तालुका कपाशीचा. बोर नदीवरचं धरणही आपल्याच तालुक्यात. उन्हाळ्यात पोरं तळ्यात उड्या मारतात. पोळा आला की आपण बैलांना पाण्यावर नेऊन धुतो. यात वाईट काही नाही. पण पाण्यात उतरण्याआधी त्याचा रंग पाहावा, एवढंच आज आम्हाला सांगायचं आहे.

शेवाळ आपण सारेच ओळखतो. दगडावरच्या शेवाळानं पाय घसरतो, एवढंच. पण दुसरं एक असतं. त्याला नील-हरित शेवाळ म्हणतात. खरं म्हणजे ते अगदी बारीक जंतू. कोट्यवधी जमले म्हणजे पाण्यावर हिरवी साय धरते. त्यांतल्या काही जाती विष तयार करतात.

ते वाढतं कशानं? पाणी साचलेलं, ऊन कडक, आणि भरीला खत. शेतातलं खत पावसानं वाहून तळ्यात जातं. गावचं सांडपाणीही तिथंच जातं. त्यावर हे जंतू पोसतात.

आफ्रिकेत बोटस्वाना नावाचा देश आहे. तिथं २०२० साली ३०० हून जास्त हत्ती मेले. पाण्यातल्या अशाच जंतूंच्या विषानं मेले, असं तिथल्या सरकारनं सांगितलं. हत्तीची ही गत, मग बैलाचं काय?

ओळखावं कसं? लांब काठी पाण्यात फिरवा. केसांसारखे तंतू आले, तर ते बहुधा साधं शेवाळ. काठी हिरव्या रंगात बुडवल्यासारखी निघाली, तर संशय धरा. विष आहे की नाही, हे प्रयोगशाळेतच कळतं. म्हणून संशय आला की उतरू नये, गुरांनाही पाजू नये.

"पाणी उकळलं की झालं," असं आम्हीही म्हणत होतो. पटकी-हगवणीच्या जंतूंपुरतं ते खरं आहे. हे विष मात्र उकळून जात नाही.

अशा पाण्यानं अंगाला खाज सुटते, डोळे चुरचुरतात. पोटात गेलं तर उलट्या, जुलाब होतात. यकृतालाही इजा होऊ शकते. पोरं पोहताना पाणी गिळतात, म्हणून त्यांना धोका जास्त. कुणी उतरलंच, तर लगेच चांगल्या पाण्यानं अंघोळ घाला. त्रास दिसला तर दवाखान्यात न्या, आणि पाणी कसं होतं तेही डॉक्टरांना सांगा.

बैल विहिरीच्या पाण्यानं धुतला म्हणून पोळ्याचा मान कमी होत नाही.

आता आपल्याला लिहिता येतं. तळं हिरवं दिसलं, तर ग्रामपंचायतीला कळवा. आणि एका पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहून काठावर लावा: 'पाणी खराब आहे. उतरू नका.'