जुन्या ट्रॅक्टरचं तेल : गळतं की जळतं?



कारखान्यांचा गळीत हंगाम संपला की कराड, वाळवा, पलूस या भागांत जुने ट्रॅक्टर विक्रीला निघतात. महिनोन् महिने उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढून इंजिन थकलेलं असतं, रंग मात्र नवा दिलेला असतो. "थोडं ऑईल खातो, बाकी तक्रार नाही," असं विकणारा सांगतो. हे थोडं म्हणजे किती, आणि ते जातं कुठं, हे कळल्याशिवाय विसार देऊ नका. एखादं पॅकिंग बदलून भागणारं काम आणि बोअर-पिस्टनचं काम यांत एका पिकाच्या पैशाचा फरक पडू शकतो.

ट्रॅक्टर बघायला सकाळी जावे आणि आधी इंजिनाला हात लावून बघावा. ते गरम लागलं तर मालकानं तुम्ही येण्याआधीच चालू करून धूर काढून टाकला, असं समजा. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. सपाट जागी डिपस्टिक काढून पुसा, परत घालून तेलाची पातळी पाहा. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलं आहे. पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल आणि तेलाला डिझेलचा वास येत असेल, तर डिझेल आत उतरत आहे. असं इंजिन तेल जाळत असलं तरी पातळी कमी झालेली दिसत नाही. म्हणून नुसत्या पातळीवर खूश होऊ नये.

आता गळती. तेल खाली ओघळतं आणि पंख्याचा वारा ते मागं नेतो, त्यामुळं थेंब पडतो तिथंच गळती असते असं नाही. इंजिन थंड असताना डिझेल आणि ब्रशनं धुऊन कोरडं पुसून घ्यावे. मग अर्धा तास चालवून बंद करावे आणि सर्वात वरची ओली जागा शोधावी. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑईल फिल्टर, चेंबरचा बोल्ट, ही कामं किरकोळ. पण इंजिन आणि क्लच यांच्या जोडावर खालून काळं तेल टिपकत असेल, तर क्रँकचं मागचं सील गेलेलं असण्याची शक्यता मोठी. सील स्वस्त आहे हो, पण तिथवर पोचायला ट्रॅक्टर मधून सोडवावा लागतो. तेच तेल क्लचप्लेटवर गेलं की क्लच घसरतो. टिपकणारं तेल मधासारखं पिवळसर, घट्ट असेल तर ते गिअरबॉक्सचं असू शकतं. दोन्ही तेलं बोटावर घेऊन ताडून पाहा.

एकाच वेळी चार ठिकाणांहून तेल येत असेल तर सीलं बदलायची घाई नको. आधी ब्रीदरची नळी बघा. ती धूळ-चिखलानं तुंबली की आतला दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं. नळी मोकळी असूनही तिच्यातून भकाभका धूर येत असेल तर रिंगा आणि लायनर झिजलेत. मग नवं सील टिकणार नाही.

जळणारं तेल धुरावरून कळतं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. निळसर धूर तेलाचा. सकाळी चालू करताना निळा धूर येऊन थोड्या वेळानं थांबला तर संशय वाल्व्ह गाईडवर घ्यावा. नांगराला किंवा भरल्या ट्रॉलीला जोर लावताना निळा धूर वाढत गेला तर बहुधा रिंगा. टर्बो असेल तर त्याचंही सील तपासून घ्या.

मात्र मिस्त्रीकडं जाण्याआधी एअर क्लीनर उघडा. तेलाच्या वाटीचा क्लीनर असेल आणि वाटीत खुणेच्या वर तेल भरलं असेल, तर इंजिन ते तेल ओढून जाळतं. जादा तेल काढलं की काम होतं, खर्च काहीच नाही. क्लीनरपासून इंजिनाकडं जाणारा रबरी पाईपही चाचपून बघा. तो चिरलेला असला तर आजवर फुफाटा थेट आत गेलाय, आणि रिंगांनी तो सोसलाय.

विहिरीवरच्या डिझेल इंजिनालाही बरंचसं हेच लागू. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, १९२२ साली साताऱ्यात कूपरांचा कारखाना निघाला; इंजिन जाणणाऱ्या कारागिरांची आपल्याकडं वाण नाही. जाणता मिस्त्री बरोबर न्या, कॉम्प्रेशन मोजून घ्या.

मालक तयार असेल तर दिवसभर आपल्या रानात नांगर लावून बघावा. सकाळी खुणेपर्यंत तेल, संध्याकाळी इंजिन थंड झाल्यावर सपाट जागी पुन्हा पातळी. खुणेपर्यंत यायला जेवढं तेल लागलं ते मापानं मोजा. तो आकडा आणि मिस्त्रीनं सांगितलेला दुरुस्तीचा खर्च पुढं ठेवून मगच किमतीचं बोलणं करा.