लाल गवताचं बेट

विला कॅथर यांची ‘माय अँतोनिया’ ही कादंबरी १९१८ सालची. १८८३ मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, कॅथर घरच्यांबरोबर व्हर्जिनिया सोडून नेब्रास्काच्या गवताळ माळावर आल्या. युरोपातून येऊन तिथं शेती करू पाहणारी कुटुंबं त्यांनी जवळून पाहिली होती.

कादंबरीतलं शिमर्डा कुटुंब बोहेमियातून आलेलं. राहायला जमिनीत खणलेलं घर, हिवाळा तोंडावर आणि घरात पुरेसा दाणागोटा नाही. कॅथर या हालांची यादी करत बसत नाहीत. त्या गवतातून एक फिकट हिरवा किडा बाहेर काढतात, गारठ्यानं अर्धमेला झालेला. छोटी अँतोनिया त्याला ओंजळीत घेते, आपल्या भाषेत त्याच्याशी बोलते, तेव्हा तो बारीक किरकिरतो. तिला गावची हाटा म्हातारी आठवते. विस्तवाजवळ बसू दिलं की फाटक्या आवाजात जुनी गाणी म्हणणारी. किड्याला केसांत ठेवून अँतोनिया वरून सैलसा रुमाल बांधते. पुढं वडील भेटतात. मायदेशी ते फिडल वाजवायचे, इथं मात्र वाजवत नाहीत. ते त्या किरकिरीला कान देतात.

इथं वाचताना जरा थांबा. त्याच हिवाळ्यात हे वडील गोठ्यात जीव देतात, आणि तो किडा आपल्याला पुन्हा ऐकू येऊ लागतो.

जवळच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळत नाही. शेताच्या कोपऱ्यात, जिथं पुढं दोन रस्ते एकमेकांना छेदणार, तिथं त्यांना पुरतात. वर्षं जातात, माळ नांगराखाली येतो, लाल गवत नाहीसं होतं, रस्ते होतात. पण थडग्यापाशी दोन्ही रस्ते किंचित वळसा घेतात, आणि तेवढ्या तुकड्यावर न कापलेलं लाल गवत बेटासारखं उभं राहतं.

या कादंबरीतलं सर्वांत प्रसिद्ध चित्र नांगराचं आहे. मावळत्या सूर्यबिंबावर क्षणभर प्रचंड दिसणारा, सूर्य बुडताच पुन्हा इवलासा झालेला नांगर. ते सुंदर आहेच. मला मात्र रस्त्याचं ते वळण त्याहून मोठं वाटतं. जिवंतपणी ज्याला या मातीत जागा सापडली नाही, त्याच्यासाठी रस्ते बाजूला सरकले.

शेवटच्या भागात अँतोनियाची फळबाग येते. नवरा झोपल्यावर रात्री उठून, पाणी वाहून तिनं ती झाडं जगवलेली आहेत. तिथं पोचाल तेव्हा तिच्या केसांतला तो किडा आठवून बघा.